खाली कोण राहतं?

सिस्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांना आमच्या हिनं पहिल्यांदा उलटं धरलंय, असं त्यांचा नवरा येईल त्याला सांगायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. जन्मभर अंधाऱ्या, ग्रीस लागलेल्या उभ्या बोगद्यांत लोंबकळून काम केलेलं, त्यामुळे म्हातारपणी त्याला मोकळं पाणी हवं होतं. शहराबाहेर दोन टेकड्यांच्या मधली जमीन त्यांनी घेतली. वर उतारावर एक खोली आणि स्वयंपाकघर असं छोटं घर बांधलं आणि मधून वाहणाऱ्या ओढ्यावर त्यानं स्वतः मातीचा बांध घातला. चार जाणत्या लोकांना विचारून, रोलर भाड्यानं आणून, मातीचा एक थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, मग दुसरा थर. सिस्टर वरून चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "केक करताय का?"

"केक फुगला तर चांगला," तो म्हणायचा. "हा फुगला तर मेलो."

बांध फुगला नाही. मागे तळं साठलं. बांधाच्या माथ्यावर त्यानं हौसेनं एक झाड लावलं, सावलीला. खाली, बांधाच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावर, दोन खोल्या काढल्या. मुलगा सुट्टीला बायकोपोरांना घेऊन आला की राहील म्हणून. मुलगा दुसऱ्या देशात होता आणि तिकडच्या सुट्ट्या इकडच्या माणसांसाठी नसतात. खोल्यांना कुलूपच राहिलं. झाड मात्र भराभर वाढलं. त्याच्या सावलीत बसायला मिळायला लागलं आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या नवरा गेला. सिस्टरांना वाटलं, डुलकी लागलीय. त्यांनी त्याच्या अंगावर शाल टाकली होती.

तो गेल्यावर पहिल्यांदा धरणं तपासणारे इंजिनिअर आले. उंच, थोडे वाकलेले, डोक्यावर मोठी टोपी. खासगी बांधांचीही नोंद ठेवायची असते, ठरावीक वर्षांनी तपासणी होते, हे सिस्टरांना तेव्हा कळलं. इंजिनिअरांनी काठीनं जागोजागी टोचून पाहिलं, जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून ठेवलेला सांडवा पाहिला आणि शेवटी बांधावर उभं राहून खालच्या बाजूला पाहत विचारलं, "खाली कोण राहतं?"

"कुणी नाही. मी वर राहते. एकटीच."

"मग तिसरा वर्ग."

सिस्टरांना राग आला. "तिसरा? माझ्या नवऱ्यानं जीव ओतलाय हो यात."

इंजिनिअर हसले. "अहो सिस्टर, तिसरा म्हणजे चांगलं. वर्ग बांधाचा नसतो, खालच्या माणसांचा असतो. बांध दगडासारखा असू दे, खाली वस्ती असली की पहिला वर्ग. आणि कितीही कच्चा असू दे, खाली नुसतं गवत असेल तर तिसरा. फुटला तरी कुणाचं काही जायचं नाही."

सिस्टरही हसल्या. त्यांना बिस्किटं दिली, पुन्हा या म्हणाल्या. ते गेल्यावर कप विसळताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. फुटला तरी कुणाचं काही जायचं नाही.

त्यानंतरची वर्षं अशीच गेली. सिस्टर रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या माणसाला उलट उत्तरं द्यायच्या. स्वतःचं ब्लडप्रेशर स्वतःच घ्यायच्या आणि वॉर्डातल्या आवाजात स्वतःलाच सांगायच्या, "छान आहे हं, काळजी करू नका." बाजारात गेल्या की लागत नसलेल्या वस्तूंचीही चौकशी करायच्या, तेवढंच चार शब्द बोलणं. मुलाचा फोन रविवारी यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची आणि तो दात घासत बोलायचा.

एकदा कोटाच्या बाह्या कमी करायला त्या शहरात एका शिलाईवालीकडे गेल्या. बाई चाळिशीची, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, नवऱ्यापासून वेगळी झालेली. दुकानाच्या कोपऱ्यात तिचे वडील बसले होते. ते पूर्वी बसवर कंडक्टर होते. आता बाकी सगळं विसरले होते, नोकरी तेवढी विसरले नव्हते.

"कुठं उतरायचं?" त्यांनी सिस्टरांना विचारलं.

"इथंच," सिस्टर म्हणाल्या.

"मग पुढं सरका, पुढं सरका."

शिलाईवाली हसली नाही. ही इमारत पाडायचीय, तिनं सांगितलं. नवी जागा बघायची, पण बाबा दार उघडं दिसलं की रस्त्यावर जातात. परवा भर रहदारीत गाड्या थांबवत उभे होते.

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत," सिस्टर म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो. "तिथं रस्ताच नाही. नुसतं गवत आणि तळं."

आठवड्याभरात खालच्या खोल्यांचं कुलूप निघालं.

शिलाई मशीनचा आवाज वरपर्यंत यायचा. सकाळी तो सुरू झाला की सिस्टर अंथरुणातून उठायच्या. अकराच्या सुमाराला पाव आणि उकडलेली अंडी घेऊन खाली जायच्या, कंडक्टर आजोबांची नखं कापायच्या, पाय बघायच्या, त्यांना खुर्चीत उन्हाला बसवायच्या. आजोबा गवताला तिकिटं द्यायचे. संध्याकाळी शिलाईवाली दारात बसून उसवायची कामं करायची आणि सिस्टर तिला वॉर्डातले किस्से सांगायच्या. एका बाईनं नवऱ्याच्या हाताला असा चावा घेतला होता की बाळाआधी त्याला टाके घालावे लागले, हे ऐकून शिलाईवाली इतकी हसली की तिच्या तोंडातली टाचणी उडून पडली आणि दोघी गुडघ्यांवर बसून ती शोधत राहिल्या.

पुढच्या तपासणीला इंजिनिअर आले तेव्हा दोरीवर कपडे वाळत होते. त्यांनी बांधावरून ते पाहिले आणि टोपी काढली.

"खाली कोण राहतं, सिस्टर?"

"भाडेकरू. शिलाईवाली आणि तिचे वडील."

इंजिनिअरांनी टोपी पुन्हा घातली. मग झाडाजवळ गेले, मुळांकडे पाहिलं, पायथ्याशी उतरले, पुन्हा वर आले. "आता पहिला वर्ग झाला. हे झाड नको होतं, मुळं पार आत गेली असणार. सांडवा अरुंद आहे. पायथ्याला पाझराचं पाणी नीट निघून जायची सोय नाही. तिसऱ्या वर्गात हे सगळं चालून जातं. पहिल्यात नाही."

"मग काय करायचं?"

"एक तर बांध पक्का करायचा, ते मोठं काम आहे. नाही तर बांध कापून तळं रिकामं करायचं. नाही तर खोल्या रिकाम्या करायच्या. खोल्या रिकाम्या केल्यात तर मी आजच्या आज पुन्हा तिसरा लिहितो."

सिस्टर खाली पाहत राहिल्या. मशीनचा आवाज येत होता.

"ठरवायला वेळ घ्या. पण तोवर बांधाच्या तळातल्या नळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी कमी करा," इंजिनिअर म्हणाले. "आणि पायथ्याकडे लक्ष ठेवा. नितळ पाणी झिरपलं तर फोन करा. गढूळ आलं तर आधी माणसं हलवा, मग फोन करा. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय. आणि त्यांना सांगायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी सांगायचं होतं, पण शिलाईवाली निळे पडदे घेऊन बसली होती, घाईचं काम होतं. दुसऱ्या दिवशी आजोबांची तब्येत बरी नव्हती. मग तिच्याकडे पाहुणी आली. मग नुसतंच राहिलं. व्हॉल्व्ह गंजला होता, सिस्टरांनी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, तो हलला नाही. तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इंजिनिअरांचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "हो, सांगितलंय. बघतायत ते दुसरी जागा."

वर माझ्याकडे राहायला या, असं म्हणावं हेही त्यांच्या मनात आलं. पण एका खोलीत तिघं कशाला, असं शिलाईवालीनं विचारलं असतं आणि मग का ते सांगावं लागलं असतं. आणि ते एकदा कळलं की वडिलांना घेऊन ती संध्याकाळपर्यंत गेली असती. शहाणी बाई होती.

मुलाला तेवढं त्यांनी सांगितलं.

"यात विचार कसला करायचा, आई? भाडेकरू काढ. नाही तर बांध काढ."

"बांध तुझ्या बाबांचा आहे."

"बाबा नाहीत, आई," मुलगा म्हणाला. मग त्याला स्वतःलाच ते कसंसं वाटलं असावं. त्यानं हवेची चौकशी केली आणि फोन ठेवला.

त्यानंतर एके सकाळी आभाळ स्वच्छ होतं. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता. सिस्टर नेहमीसारख्या पाव घेऊन खाली गेल्या. आजोबा खुर्चीत होते. त्यांचे मोजे भिजले होते. झालं वाटतं खुर्चीतच, असं म्हणत सिस्टर वाकल्या आणि मोजा काढला. हाताला चिखल लागला. तपकिरी, गुळगुळीत, आत बारीक रेती.

त्यांनी मान वर केली. आजोबांच्या पावलांच्या खुणा बांधाच्या पायथ्याकडून आल्या होत्या. तिथं गवतात पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. दुधाच्या चहासारखं. सिस्टरांनी त्यात बोटं घातली आणि चोळून पाहिली.

शिलाईवाली मशीनवर वाकलेली होती.

"ऊठ. बाबांना धर."

"एवढी शिवण संपवते आणि..."

"शिवण राहू दे! ऊठ म्हणते ना!"

या आवाजानं कधीकाळी डॉक्टरसुद्धा पळायचे. शिलाईवाली उठली. दोघींनी खुर्चीसकट आजोबांना उचललं. उताराच्या दगडी पायऱ्यांवर एकेक पायरी टेकत, थांबत, पुन्हा उचलत त्यांना वर नेलं. सिस्टरांच्या छातीत भाता चालला होता. आजोबा मजेत होते. "गाडी फुल आहे," ते झाडांना सांगत होते. "मागची येतेय रिकामी."

वर पोचल्यावर सिस्टरांनी इंजिनिअरांना फोन केला. खोदाईचं मशीन घेऊन निघतो, खाली कुणीही जायचं नाही, ते म्हणाले. शिलाईवालीनं ऐकलं. तिची मशीन खाली होती, गिऱ्हाइकांची कापडं होती. ती दाराकडे निघाली तशा सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बांध फुटेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"इंजिनिअरांनी सांगितलं होतं. गढूळ पाणी आलं की..."

"कधी सांगितलं होतं?"

सिस्टरांना खोटं बोलता आलं असतं. "तू निळे पडदे शिवत होतीस तेव्हा," त्या म्हणाल्या.

शिलाईवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. "निळे पडदे," ती म्हणाली. "त्यानंतर मी शाळेचे गणवेश शिवले. त्यानंतर त्या मुलीचा लग्नाचा झगा. त्यानंतर सोफ्याची कव्हरं." ती मोजत असल्यासारखी थांबली. "आणि रोज तुम्ही खाली येऊन बाबांना त्या बांधाखाली उन्हाला बसवत होतात."

 वर आल्यावर काढलेला आजोबांचा दुसरा मोजा सिस्टरांच्या हातातच होता.

खोदाईचं मशीन दुपारी आलं. इंजिनिअरांनी खोल्यांपासून लांबच्या बाजूनं बांध थोडा थोडा कापायला घेतला. पाणी दुसऱ्या अंगानं ओढ्यात जायला लागलं. पण ते पुरतं उतरायच्या आतच पायथ्याचा एक लचका खाली बसला आणि चिखलाचा लोंढा खोल्यांत शिरला. फार वेळ नाही चालला. वरून पाहताना आवाजसुद्धा मोठा आला नाही. दार आत गेलं. आजोबांची खाट उलटी होऊन दारातून अर्धी बाहेर आली आणि अडकली. ती तशीच दिसत राहिली.

मग तळं ओसरत गेलं आणि धोका टळला. इंजिनिअर घामाघूम होऊन वर आले, पाणी प्यायले आणि शिलाईवालीसमोरच विचारलं, "यांना सांगितलं होतंत ना तुम्ही? फोनवर हो म्हणाला होतात."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "नव्हतं सांगितलं."

इंजिनिअरांनी ग्लास खाली ठेवला. रागवायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष शिलाईवालीकडे गेलं आणि ते नुसतेच टोपी पिळत बसले.

दुसरी जागा मिळेपर्यंत बापलेक वरच राहिले, कारण जायला जागाच नव्हती. एका खोलीत तिघं कशाला, हा प्रश्न सिस्टरांना नको होता, त्याच खोलीत तिघं मावली. शिलाईवालीनं चिखलातून मशीन काढली, रॉकेलनं एकेक भाग पुसला. ती बोलायची ते कामापुरतं. साबण कुठंय. दिवा मालवू का. सिस्टर रोज ठरवायच्या की आज माफी मागायची, आणि तिची पाठ दिसली की जेवणाचंच काहीतरी विचारायच्या. मागितली ती शेवटी टेम्पो आला तेव्हा, गाठोडी उचलता उचलता, चालकासमोर, अगदीच वेळ चुकवून.

शिलाईवालीनं गाठोडं टेम्पोत ठेवलं. "तुम्ही बाबांना उचलून वर आणलंत ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "त्याच्या आधीचंही विसरणार नाही."

टेम्पो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या मावसबहिणीच्या घराकडे गेला. आजोबांनी वळून पाहिलं नाही.

पुढं बांध मधून पार तळापर्यंत कापला. झाडही तोडलं. सिस्टर एकदा त्या कापलेल्या भागाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यानं घातलेले थर स्पष्ट दिसत होते, एकावर एक, सारख्या जाडीचे, कुठं रेघ ढळलेली नाही. आणि त्या थरांतून आरपार एक पोकळी गेली होती, मनगट जाईल एवढी. झाडाचं एक जुनं मूळ आत कुजून गेलं होतं आणि त्याच वाटेनं पाणी आलं होतं. सिस्टरांनी तिथं हात ठेवला. त्यांना नवऱ्याचा राग आला, तो गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं भांडावं तसं त्या बोलल्या, झाड कशाला लावलंत, कुणी सांगितलं होतं.  टेकड्यांमधे आवाज घुमत नव्हता. पूर्वी पाण्यावरून घुमायचा.

इंजिनिअर शेवटचे येऊन गेले. आता हा बांधच नाही, नोंद रद्द झाली, वर्गबिर्ग काही नाही, ते म्हणाले. खोल्या धुऊन पुन्हा भाड्यानं द्यायला हरकत नाही. सिस्टर बरं म्हणाल्या. खोल्या त्यांनी धुतल्या, पण कुणाला दिल्या नाहीत. सकाळी जाग आली तरी अंथरुणात पडून राहायच्या. उठायचं कशासाठी, हे ठरेपर्यंत ऊन दारात यायचं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी बस धरली. मावसबहिणीचं घर त्यांना टेम्पोच्या चालकाकडून कळलं होतं. मागच्या बाजूला एक खोली, दारावर शिलाईची पाटी टांगलेली. दार शिलाईवालीनंच उघडलं. तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक काढून दंडाला बांधलेल्या छोट्या गादीत खोचल्या. तोवर दोघी उभ्याच.

"मी लगेच जाते," सिस्टर म्हणाल्या. "कसे आहेत तेवढं विचारायला आले."

"टाचेला जखम झालीय. पडून असतात ना. भरत नाहीये."

"बघू?"

शिलाईवाली बाजूला झाली. आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खूप वाळले होते. सिस्टरांनी हात धुतले, गरम पाणी मागितलं, पट्टी सोडली. जखम खोल होती, पण स्वच्छ होती. कुणीतरी मनापासून काळजी घेत होतं, फक्त रीत चुकत होती. सिस्टर कामाला लागल्या. टाच अधांतरी राहील अशी उशी कशी ठेवायची, दर थोड्या वेळानं कूस कशी बदलायची, हे त्यांनी करून दाखवलं. शिलाईवालीनं शेजारी बसून दिवा धरला. आजोबा एकदा कण्हले आणि त्यांनी सिस्टरांचं बोट घट्ट धरलं. ओळखलं म्हणून नव्हे, दुखलं म्हणून.

कात्री, बोळे सगळं आवरून सिस्टरांनी कोट चढवला. चहा कुणी विचारला नाही.

"ही पट्टी एक दिवसाआड बदलायला हवी," त्या म्हणाल्या. "तुला जमेल आता. नाही तर... मी येऊ शकते."

शिलाईवाली मशीनवर बसली होती. दोरा ओवायला बघत होती आणि तो सुईत जात नव्हता.

"या," ती म्हणाली. मान वर न करता. "पण ज्या दिवशी जमणार नसेल त्या दिवशी फोन करून सांगायचं. आणि त्यांचं बिघडतंय असं दिसलं तर त्याच मिनिटाला मला सांगायचं. मला वाईट वाटेल, मी निघून जाईन, असला काही विचार करायचा नाही. सांगायचं."

"सांगेन," सिस्टर म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, वॉर्डातल्या नव्हे, साध्या आवाजात म्हणाल्या, "जखम बरी होईल. पण ते फार दिवस नाहीत गं."

दोरा हातातून सुटला. शिलाईवालीनं दोन्ही हात कापडावर पालथे ठेवले आणि तशीच बसून राहिली. सिस्टर दाराशी उभ्या राहिल्या. बाहेर त्यांची बस येऊन गेली, तरी त्या निघाल्या नाहीत.